वकीलपत्र कोणाचे?

1852 साली फैजपूर-सावद्याच्या शेतकऱ्यांकडे वकील नव्हता. खानदेश इंग्रजांच्या हाती जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी बसवलेली नवी जमीन मोजणी तापीच्या काठावर येऊन ठेपली होती. साखळीने शेत मोजायचे, जमिनीची प्रत आण्यांत लावायची आणि त्यावरून तीस वर्षांचा सारा ठरवायचा, अशी ही पद्धत. सरकारच्या लेखी ती शिस्तीची आणि शास्त्रशुद्ध होती. शेतकऱ्याला मात्र एवढेच दिसत होते की कोणी परका माणूस त्याच्या बांधावर उभा राहून, त्याला न विचारता, त्याच्या जमिनीबद्दल कागदावर काही लिहून नेतो आहे आणि त्या लिखाणातून सारा वाढणार आहे. फैजपूर, सावदा, यावल, एरंडोल या पट्ट्यात लोक जमले आणि त्यांनी मोजणीचे काम अडवले. सरकारने सैन्य आणले, पुढाऱ्यांना पकडले, उठाव मोडला. मोजणी पुढे चालू राहिली.

या उठावात हिंसेपेक्षा नकार जास्त होता. नकार नोंदवण्यासाठी त्या माणसांना दुसरी जागाच नव्हती. मुंबई इलाख्यात तेव्हा कायदे करणारी परिषद अस्तित्वात नव्हती. जिल्ह्याला प्रतिनिधी नव्हता. कलेक्टरकडे अर्ज करायचा, तर तो लिहिणारा कारकून सरकारचाच किंवा सावकाराच्या पेढीवरचा. सरकारशी सरकारच्या भाषेत बोलेल असा आपला माणूस नव्हता, म्हणून शेतकरी स्वतः देहाने जाऊन उभे राहिले.

त्याच वर्षी, 24 ऑक्टोबरला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील मार्शफील्ड येथे डॅनियल वेब्स्टर वारले. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेने एवढा मोठा वकील आणि एवढा गाजलेला सिनेटर क्वचितच पाहिला. डार्टमाउथ कॉलेजचा खटला, मॅरीलँडविरुद्धचा राष्ट्रीय बँकेचा खटला, हडसन नदीतल्या आगबोटींच्या मक्तेदारीचा खटला, अशा ज्या निकालांवर अमेरिकेच्या संविधानाचा अर्थ उभा राहिला, त्यांतल्या कितीतरी खटल्यांत वेब्स्टर वकील म्हणून उभे होते. सिनेटमध्ये ते बोलायला उठले की गॅलऱ्या भरून जात. याच वेब्स्टरनी 1833 च्या डिसेंबरात बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सचे अध्यक्ष निकोलस बिडल यांना एक पत्र लिहिले. बँकेकडून दरवर्षी मिळणारे आपले आगाऊ मेहनतान्याचे पैसे अजून आलेले नाहीत आणि संबंध टिकवायचा असेल तर ते पाठवावेत, असा त्याचा आशय होता. नेमक्या त्याच दिवसांत बँकेचे भवितव्य सिनेटपुढे होते आणि वेब्स्टर तिच्या बाजूने बोलत होते. त्यांचा बँकेवर खरोखर विश्वास होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण जे ते मनापासून मानत होते, त्याच गोष्टीचे पैसेही घेत होते. आणि श्रोत्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते?

वकील राजकारणात का येतो, याची उत्तरे सर्वांना माहीत आहेत. त्याला बोलता येते, कायदा वाचता येतो, सरकारी कागद त्याला घाबरवत नाही आणि त्याचा धंदा त्याला वेळेची मोकळीक देतो. त्याने येऊ नये असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. खरा प्रश्न वेगळा आहे. कोर्टात वकील उभा राहिला की त्याचे वकीलपत्र आधी दाखल होते. कोणासाठी बोलतो आहे हे न्यायाधीशाला, विरुद्ध पक्षाला आणि मागच्या बाकावर बसलेल्या माणसालाही माहीत असते. तोच वकील कायदेमंडळात उभा राहिला की हे वकीलपत्र कोणी मागत नाही. तो ‘जनतेसाठी’ बोलतो असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्राच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात या गृहीतकाची किंमत ज्यांनी चुकवली, त्यांत बहुतेक कूळ आणि शेतकरी होते.

वेब्स्टरशी तुलना करावी असे महाराष्ट्रातले पहिले नाव रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे. 1833 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडला त्यांचा जन्म झाला. म्हणजे खानदेशात मोजणीविरुद्ध लोक उठले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. सरकारी नोकरीत काही वर्षे काढून 1863 मध्ये ते हायकोर्टाचे वकील झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र सुरू केले. एल्फिन्स्टनचा हिंदुस्थानचा इतिहास त्यांनी मराठीत आणला होता. 1880 मध्ये ‘व्यवहारमयूख’ आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे त्यांचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि ते पुढे हिंदू कायद्याच्या खटल्यांत आधार म्हणून वापरले गेले. त्यांचा ग्रंथसंग्रह नंतर फर्ग्युसन कॉलेजकडे गेला. 1874 साली ते मुंबई कायदे परिषदेत आले, 1884 मध्ये सरकारी वकील झाले आणि त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कायदे परिषदेवर त्यांची नेमणूक झाली. 1889 मध्ये ते वारले. छप्पन वर्षांत एवढे काम उभे करणारा माणूस सामान्य नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यासमोर न वाकता, त्याच्याच पुस्तकातला आधार त्याच्यापुढे ठेवून बोलणारी जी पहिली पिढी इथे तयार झाली, तिच्यात मंडलिकांचे स्थान फार वरचे आहे.

ते ज्या परिषदेत बसत ती कशी होती, हेही पाहायला हवे. 1861 च्या कायद्याने गव्हर्नरच्या मदतीला चार ते आठ जादा सभासद नेमता येत आणि त्यांतले निम्मे तरी बिनसरकारी असत. निवडणूक नव्हती. सभासदाला सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता, अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हते. पुढे आलेल्या विधेयकावर मत द्यायचे, एवढेच. अशा सभागृहात एकटा माणूस अभ्यासाच्या जोरावर सरकारला अडवू शकत असे, आणि मंडलिकांनी ते केले. पण या रचनेत त्यांना पाठवणारा मतदार कोणी नव्हता. नेमणूक गव्हर्नरने केलेली. मग त्यांचा पक्षकार कोण?

या प्रश्नाचे उत्तर खोतीच्या विधेयकाने दिले. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत गावाचा सारा गोळा करून सरकारात भरत असे आणि कुळाकडून भाताच्या पिकाचा मोठा वाटा, अनेक ठिकाणी निम्मा, उचलत असे. वेठबिगार वेगळीच. नव्या मोजणीने कुळांची नावे आणि हक्क कागदावर घ्यायला सुरुवात केली तेव्हा खोतांनी जोराचा विरोध केला. अखेर 1880 मध्ये खोती जमाबंदीचा कायदा झाला. या सगळ्या लढ्यात मंडलिक खोतांच्या बाजूने परिषदेत झगडले. त्यांचा युक्तिवाद वकिलाला शोभेल असा होता: सनदा पाहा, जुने दफ्तर पाहा, पिढ्यानपिढ्यांचा व्यवहार पाहा, सरकारला खासगी मालमत्तेत हात घालण्याचा अधिकार नाही.

हा युक्तिवाद प्रामाणिक होता. त्यात परकी सत्तेच्या मनमानीविरुद्ध एक खरी धार होती आणि ती नाकारता येणार नाही. पण दफ्तरावर आधारलेल्या वादात ज्याच्याकडे दफ्तर असते तोच जिंकतो. सनद खोताच्या पेटीत होती. चार पिढ्या तोच वाफा नांगरणाऱ्या कुणब्याकडे किंवा महाराकडे काय होते? त्याच्या हक्काचा पुरावा म्हणजे त्याचे त्या शेतात असणे. आणि ‘असणे’ हा पुरावा मंडलिकांच्या कायदेशास्त्रात फार हलका ठरत होता. परिषदेतल्या त्या मोजक्या माणसांत कुळाचे वकीलपत्र घेऊन आलेला एकही नव्हता. कुळाची बाजू मांडली ती काही इंग्रज महसूल अधिकाऱ्यांनी, त्यांच्या त्यांच्या कारणांसाठी. रयतेची बाजू सरकार घेते आणि देशी पुढारी वरच्या हक्कदाराची घेतो, हे अवघड चित्र एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा दिसते. राष्ट्रीय चळवळीचा इतिहास सांगताना ते झाकून ठेवणे बरोबर नाही.

कागदाचे हे भय पाच वर्षांआधीच घाटावर भडकले होते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनी हुडकून हुडकून कर्जरोखे जाळले. पुढे अनेक गावांत हेच झाले. कोर्टात सावकाराचा रोखा म्हणजे निर्विवाद सत्य, आणि त्यावर अंगठा उठवणाऱ्याला त्यातले एक अक्षर वाचता येत नाही. तेव्हा त्याने वाद घालण्याऐवजी पुरावाच नाहीसा केला. सरकारने चौकशी नेमली आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा केला. त्या कायद्यातली एक तरतूद वकीलवर्गाने आजही नीट वाचावी अशी आहे. सलोखा घडवणारे अधिकारी आणि गाव-मुन्सफ यांच्यापुढे वकिलांना उभे राहण्यास मनाई होती. कोर्टात वकील आला की तो सावकाराचाच असणार आणि शेतकऱ्याला तो परवडणार नाही, असे कायदा करणाऱ्यांनी धरूनच चालले होते.

1892 च्या कायद्याने परिषदेत प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, आणि स्थानिक संस्थांमार्फत अप्रत्यक्ष निवड सुरू झाली. 1895 मध्ये मध्य विभागाच्या लोकल बोर्डांनी बाळ गंगाधर टिळकांना मुंबई परिषदेत पाठवले. खानदेश याच विभागात होता, म्हणजे कागदोपत्री तरी टिळक फैजपूरचेही प्रतिनिधी झाले. टिळकांनी कायद्याची पदवी घेतली होती, पुण्यात ते कायद्याचे वर्गही चालवत. पण वकिलीचा धंदा त्यांनी केला नाही. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. तेव्हा टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने जे केले ते परिषदेतल्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठे होते. सरकारचाच दुष्काळ कायदा सोप्या मराठीत सांगून त्यांनी गावोगाव पोचवला: पीक बुडाले असेल तर सारा तहकूब मागण्याचा तुमचा हक्क आहे, तो मागा. सरकार चिडले. त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली आणि 1897 मध्ये टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. कायद्याचे ज्ञान पक्षकाराच्या हाती देणे, वकिलाने स्वतः बोलण्यापेक्षा शेतकऱ्याला बोलता करणे, ही नवी रीत इथे दिसली. तरीही खोतीच्या प्रश्नावर ‘केसरी’ची सहानुभूती खोतांकडेच राहिली, आणि टिळकांचे घराणे दापोलीजवळच्या चिखलीचे खोत होते, हेही त्याच चरित्राचा भाग आहे. एकाच माणसाने एका प्रश्नावर रयतेचे वकीलपत्र घ्यावे आणि दुसऱ्या प्रश्नावर तिच्या विरुद्ध बाजूचे, यात नवल नाही. म्हणूनच माणसाच्या मोठेपणावर विसंबून हा प्रश्न सुटत नाही.

1901 च्या ऑगस्टमध्ये बॅरिस्टर फिरोजशहा मेहता काही देशी सभासदांसह परिषदेतून उठून बाहेर गेले. त्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते आणि दाजी आबाजी खरे यांच्यासारखे वकीलही. विधेयक होते जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे. साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा द्यायची, पण ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही अशा अटीवर. सरकार म्हणे, हा सावकारापासून बचाव आहे. देशी सभासद म्हणत, ही शेतकऱ्याच्या मालकीवर घाला घालण्याची युक्ती आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. जमीन विकता येत नसेल तर तिच्यावर कर्ज मिळत नाही आणि कर्जाशिवाय पेरणी होत नाही, हे खानदेशातला कपाशी पेरणारा शेतकरीही सांगेल. पण जमीन गहाण टाकण्याच्या स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा लाभार्थी सावकारच होता. हा सभात्याग पुढे स्वाभिमानाची गोष्ट म्हणून गाजला, आणि ते योग्यच. मात्र त्या दिवशी ज्याच्या जमिनीचा प्रश्न होता तो शेतकरी सभागृहात नव्हता, त्याचे मत कोणी घेतले नव्हते आणि दोन्ही बाजू त्याच्याच नावाने बोलत होत्या.

1920 मध्ये काँग्रेसने कोर्टांवर बहिष्काराचा ठराव केला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वकिलांपुढे थेट प्रश्न उभा राहिला आणि पूर्व खानदेशात भुसावळचे वासुदेव विठ्ठल दास्ताने यांच्यासारख्यांनी वकिली सोडून चळवळीत उडी घेतली. आज हे वाचताना त्यागाच्या कौतुकाचा सूर पटकन लागतो. त्याचा दुसरा अर्थही महत्त्वाचा आहे: धंदा सुटला तसे सावकाराचे, गिरणीवाल्याचे, संस्थानिकाचे वकीलपत्रही सुटले. असा माणूस गावात सभेला उभा राहिला की त्याच्या बोलण्यामागे फी देणारा कोणी नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे.

या पार्श्वभूमीवर 1936 चा डिसेंबर पाहिला पाहिजे. काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच. गांधीजींचा तसा आग्रह होता. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि बांबू, चटया असे आसपास मिळणारे सामान वापरून नगर उभे राहिले. त्याला नाव दिले तिलकनगर. साने गुरुजी खेडोपाडी हिंडून लोकांना अधिवेशनाचे आवतण देत होते, खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते राबत होते. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलजोड्या जुंपलेल्या रथातून मिरवत आले, ही आठवण यावल-रावेर भागातल्या घराघरांत अजून सांगितली जाते. गर्दी अपेक्षेच्या कितीतरी पलीकडे गेली.

मात्र सोहळ्याच्या आठवणीत फैजपूरची खरी कमाई झाकली जाते. ती मिरवणुकीत नव्हती, बांबूच्या कमानींतही नव्हती. ती होती तेरा कलमांच्या शेतीविषयक कार्यक्रमात. सारा आणि खंड यांत मोठी कपात. ज्या धारणेवर पोट भरत नाही तिला सारा आणि खंड दोन्ही माफ. शेतीच्या मोठ्या उत्पन्नावर चढता आयकर. पाटपाण्याचे दर कमी. सरंजामी देणी आणि वेठबिगार बंद. कुळाला कायम, वारसाने चालणारा हक्क, आणि त्याच जमिनीवर घर बांधण्याचा व झाडे लावण्याचा अधिकार. कर्जाच्या निवाड्यासाठी खास न्यायमंडळे. गायरान. शेतमजुराला पोटापुरती मजुरी कायद्याने. शेतकरी संघटनांना मान्यता. आणि एक कलम असे की खंडाची थकबाकी दिवाणी कर्जासारखी वसूल करावी, कुळाला जमिनीवरून हुसकून नव्हे.

हे शेवटचे कलम वाचताना थांबावेसे वाटते. त्यात घोषणा नाही, भावना नाही. थकबाकी ‘दिवाणी कर्जासारखी’ म्हटली की ती वसूल करायला दावा, नोटीस, निकाल अशा सगळ्या पायऱ्या आल्या आणि मधल्या काळात कुळाचा नांगर शेतात राहिला. असे वाक्य कायदा जाणणारा माणूसच लिहू शकतो, पण त्यामागची भीती कुळाची आहे. घर बांधण्याच्या अधिकाराचे कलमही तसेच. मालकाच्या जमिनीत झोपडी असलेल्या माणसाला खंड वाढवला तरी बोलता येत नाही, कारण शेताबरोबर छप्परही जाते. हे ज्याने सोसले त्याच्याकडूनच कळते. मंडलिकांच्या युक्तिवादात जी दोन टोके कधी भेटली नाहीत, ती इथे एका वाक्यात भेटली.

ती आपोआप भेटली नाहीत. अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही त्याच वेळी फैजपूरला एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. वि. म. भुस्कुटे आणि जे. बुखारी यांच्या नेतृत्वाखाली पाचशेहून अधिक शेतकरी मनमाडहून पायी निघाले, वाटेत गावोगाव सभा घेत फैजपूरला पोचले. किसान सभेची मागणी जमीनदारी रद्द करण्याची होती. काँग्रेसचा कार्यक्रम तिथवर गेला नाही. जमीनदारी मोडण्याची भाषा त्यात नाही आणि हे उणेपण मोठे आहे. पण 1852 मध्ये याच मातीतले शेतकरी जमले तेव्हा समोर सैन्य आले होते. 1936 मध्ये ते चालत आले तेव्हा व्यासपीठावर देशाचे पुढारी होते आणि ठरावाची भाषा त्या पायांच्या दबावाखाली घडत होती. वकील आणि पक्षकार एकमेकांसमोर बसले आणि पक्षकार संख्येने जास्त होता.

दोनच महिन्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या, मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर स्वतः सॉलिसिटर. फैजपूरच्या कलमांची परीक्षा आता होणार होती. ती घेतली दुसऱ्याच एका बॅरिस्टरने, आणि तीही विरोधी बाकावरून. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ज्या खोतीसाठी मंडलिक सत्तावन्न वर्षांपूर्वी झगडले तीच खोती. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातली हजारो कुळे मुंबईत मोर्चा घेऊन आली. सत्तेवरच्या पक्षाने ते विधेयक पुढे नेले नाही. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर.

मंडलिक आणि आंबेडकर यांना शेजारी ठेवून पाहिले की वकिलाबद्दलचा सगळा गोंधळ निवळतो. दोघेही आपापल्या काळातले अव्वल कायदेपंडित. दोघांनीही धर्मशास्त्र मुळातून अभ्यासले. दोघेही अभ्यासाच्या जोरावर सभागृहाला ऐकायला लावत. फरक बुद्धीत नव्हता, सचोटीतही नव्हता. एकाला गव्हर्नरने नेमले होते आणि त्याच्यामागे सनदवाले होते. दुसऱ्याला मतदारांनी निवडले होते आणि त्याच्यामागे सनद नसलेले होते. गुजरातेतल्या बार्डोलीत सारावाढीविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यानंतरच्या चौकशीतही हेच दिसले. साऱ्यातली वाढ तपासायला ब्रूमफील्ड समिती नेमली गेली तेव्हा शेतकऱ्यांची बाजू भुलाभाई देसाईंनी मांडली. ते मुंबईतले महागडे वकील होते, त्यांनी धंदाही सोडला नव्हता. पण त्या वेळी त्यांचा पक्षकार शेतकरी होता, हे उघड होते. आणि 22 टक्क्यांची वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. वकिली सोडणे हाच एक मार्ग आहे असे म्हणणारे भुलाभाईंचे हे काम विसरतात. पक्षकार उघड असला की वकिली चालू ठेवूनही लोकांचे काम करता येते.

अमेरिकेत वेब्स्टरनंतर साठ वर्षे सिनेटर राज्यांच्या कायदेमंडळांकडूनच निवडले जात. रेल्वे कंपन्यांचे आणि मोठ्या उद्योगांचे वकील त्या सभागृहात भरले आहेत, अशी ओरड वाढत गेली आणि 1913 मध्ये संविधान दुरुस्त करून सिनेटरांची निवड थेट मतदारांकडे आली. भारताने राज्यसभा मात्र अप्रत्यक्षच ठेवली. बहुतेक सभासद आमदार निवडतात, बारा जण राष्ट्रपती नेमतात. या दोन्ही वाटांनी फैजपूरच्याच जळगाव जिल्ह्यातले वकील तिथे पोचले. नाडगावच्या प्रतिभा पाटील जळगावात वकिली करत होत्या. 1962 मध्ये त्या आमदार झाल्या, 1985 मध्ये राज्यसभेत गेल्या आणि तिथे उपसभापती झाल्या. 2025 मध्ये विशेष सरकारी वकील म्हणून नाव झालेल्या उज्ज्वल निकम यांना राष्ट्रपतींनी नियुक्त केले. जिल्ह्याने याचा अभिमान बाळगावा. अभिमानाबरोबर प्रश्न विचारण्याची सवयही हवी, आणि ती एखाद्या व्यक्तीबद्दलच्या संशयातून येऊ नये. पाळायची रीत सगळ्यांना सारखी असली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2018 रोजी निर्णय दिला की खासदार-आमदारांना वकिली करण्यास मज्जाव करता येणार नाही, कारण ते पूर्णवेळ पगारी नोकर ठरत नाहीत आणि तशी बंदी नियमांत नाही. कायद्याच्या अर्थाने हा निर्णय बरोबर आहे. पण त्यामुळे वेब्स्टरचा प्रश्न जसाच्या तसा आपल्या दारात उभा राहतो. भूसंपादन, पीकविमा, बाजार समित्या, वीजदर, सहकारी बँका या प्रत्येक विषयावर सभागृहात मतदान होते आणि याच विषयांवर कोर्टात मोठमोठ्या पक्षकारांचे खटलेही चालतात. सकाळी कोर्टात विमा कंपनीसाठी उभा राहणारा वकील दुपारी पीकविम्याच्या चर्चेत बोलू शकतो. तो प्रामाणिक असेल. मंडलिकही होते. पण केळीची बाग वादळात झोपलेल्या शेतकऱ्याला त्याच्या प्रामाणिकपणाची खात्री कशी पटावी?

त्यासाठी सभासद असलेल्या वकिलाने आपले अशील कोण हे मतदारांपुढे जाहीर करावे. अशिलाचे नाव सांगणे म्हणजे वकिलाने विश्वास मोडणे, अशी हरकत यावर नेहमी घेतली जाते. ती टिकत नाही. अशिलाने वकिलाला जे सांगितले ते गुप्त असते आणि तसेच राहावे. अशील कोण, हे मात्र कोर्टात दाखल केलेल्या वकीलपत्रातच असते आणि निकालपत्राच्या पहिल्या पानावर छापले जाते. जे कोर्टाच्या दफ्तरात उघड आहे ते मतदाराला एका जागी मिळावे, एवढीच मागणी आहे. ज्यांचे काम कोर्टाबाहेर सल्ल्यापुरते आहे त्यांच्यासाठी वेगळा नियम करता येईल. वार्षिक मेहनतान्यावर बांधून घेतलेल्या वकिलाला तरी त्यातून सुटका नसावी, कारण वेब्स्टरचे पैसे नेमके तेच होते.

राज्यसभेत सभासदांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. तिच्यात पगारी काम, सल्लागारी आणि व्यावसायिक बांधिलकी नोंदवावी लागते. चांगली सुरुवात आहे, पण तिच्यात अशिलांची यादी नसते. विधानसभा आणि विधान परिषदेसाठी तर उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रापासूनच सुरुवात करता येईल. नमुना 26 मध्ये उमेदवार आपला व्यवसाय लिहितो, सरकारशी असलेले ठेके लिहितो, कर्जे आणि खटले लिहितो. त्याच पानावर वकील उमेदवारासाठी आणखी एक रकाना असावा: गेल्या पाच वर्षांत कोणत्या कंपन्या, बँका, सहकारी संस्था, बाजार समित्या आणि सरकारी महामंडळे यांची वकीलपत्रे घेतली. निवडून आल्यावर ती यादी दरवर्षी अद्ययावत व्हावी, सभागृहाच्या संकेतस्थळावर मराठीत असावी, आणि विधेयकाचा थेट संबंध त्या यादीतल्या अशिलाशी येत असेल तर सभासदाने बोलण्याआधी तसे सांगून मतदानातून बाजूला राहावे. यासाठी संविधान बदलावे लागत नाही. शपथपत्राचा नमुना निवडणूक नियमांत आहे आणि सभागृहाचे नियम सभागृहच करते. रावेर-यावलच्या आमदाराने पुढच्या अधिवेशनात अशासकीय ठराव मांडला तरी कामाला सुरुवात होते.